पंख्याच्या बेअरिंगला मोहाचं तेल

मी एक बेअरिंग बोलतेय. नाव परकं आहे, त्याला माझा इलाज नाही. तुमच्यापैकी कुणी मला दुसरं नाव ठेवलं नाही. मुर्रीच्या बाहेर दुलीचंद शेठची धानगिरणी आहे ना, तिच्या भुशाच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात मी पडून आहे. येणारेजाणारे मला लोखंडाचं कडं समजतात. परवा एकीने माझ्यात बोट घालून मला फिरवून पाहिलं. मी फिरले नाही. तिने मला परत ठेवलं आणि बोट लुगड्याला पुसलं.

मी फार बोलणाऱ्यातली नाही. माझा स्वभाव घाईचा, आणि घाईच्या माणसाला गोष्टी सांगत बसायचा कंटाळा असतो. पण आज बोलायला हवं. आणि सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिकडची पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. एक कडं आत, एक कडं बाहेर आणि दोघांच्या मध्ये चकचकीत पोलादी गोळ्या. बस, एवढीच मी. आतलं कडं दांड्यावर घट्ट बसतं आणि दांड्याबरोबर गरगरतं, बाहेरचं जागचं हलत नाही, आणि गोळ्या मधल्यामध्ये धावत राहतात. धावताना गोळी आणि कडं यांच्यामध्ये तेलाचा एक पडदा लागतो, केसाहूनही पातळ. तो असेपर्यंत पोलाद पोलादाला शिवत नाही. तो गेला की आम्ही एकमेकांना खायला लागतो.

आम्हाला घडवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. विकत घेणाऱ्यांना ते सांगावं लागतं, आणि सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतंच असं नाही.

तेलकट कागदात गुंडाळून, खोक्यात घालून मला बोटीवर चढवलं. मग आगगाडी, मग गोंदिया स्टेशन, मग बैलगाडी. खोकं उघडलं तेव्हा पहिलं दिसलं ते शेठचं तोंड. मोठ्या खोक्यातून एवढीशीच वस्तू निघालेली पाहून त्यांचा चेहरा पडला होता. "इतनी सी?" ते म्हणाले. मला तेव्हाच राग आला होता.

गिरणीत काय चालतं ते सांगते. धान भरडलं की तांदूळ आणि टरफलं एकत्रच खाली पडतात. त्यांच्यावर एक पंखा वारा मारतो. तांदूळ जड, तो खाली राहतो. टरफलं, म्हणजे भुसा, पत्र्याच्या नळकांड्यातून उडत मागच्या खोलीत जाऊन पडतो. त्या पंख्याच्या दांड्यावर मला बसवलं. एंजिनाचे थोरले धुरे, म्हणजे जाडजूड दांडे, दमानं फिरत. त्यांचा एक फेरा व्हायच्या आत माझे कितीतरी होऊन जात. गिरणीत माझ्याइतकं जोरात कुणीच पळत नव्हतं, आणि याचा मला गर्व होता.

मागची खोली मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिला खिडकी नव्हती, दार एकच. आत भुशाचा डोंगर, थेट आढ्यापर्यंत. तोच भुसा टोपल्यांनी काढून बायका बॉयलरपाशी नेत, कारण बॉयलर भुशावरच चालायचं. म्हणजे इकडे मी गरगरतेय, तिकडे कोरडाठाक भुसा, आणि आमच्यामध्ये फक्त एक नळकांडं, ज्यातून माझ्या बाजूचा वारा सारखा तिकडे जातोय. मला बसवणारा नागपूरचा फिटरही त्या खोलीकडे दोनदा वळून पाहत होता. जाताना त्याने तेलवाल्याला जवळ बोलावलं.

"हे मोठे धुरे हळू फिरते, त्याईले जाड तेल चालते," तो म्हणाला. "हिले नाही. ही लय जोरानं पळते. हिले पातळ तेल पाहिजे, अन् तेही जरासंच. जाड घालसान तं त्याच्यातच घुसमटून गरम होईन."

"अन् पातळच जास्त घातलं तं?" तेलवाल्याने विचारलं.

"तरी गरम होईन. लहान लेकराले कोनी घागरभर दूध पाजते का?"

तेलवाल्याचं नाव चैतराम. मूळचा कामठ्याचा, धानाच्या शेतीतला माणूस. लहानपणापासून त्याने बैलगाडीच्या कण्यांना वंगण घातलं होतं, आणि वंगण म्हणजे जाड, काळं, चिकट, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. तरी फिटरचं बोलणं त्याने मनावर घेतलं. कलकत्त्याहून पातळ तेलाचा डबा यायचा. माझ्यावर एक छोटी पितळी वाटी होती आणि वाटीतून एक बारीक नळी माझ्यापर्यंत यायची. चैतराम रोज लांब चोचीच्या कुपीतून त्या वाटीत थोडंसं तेल सोडायचा. एंजिनाच्या धुऱ्यांना तो 'थोरले' म्हणायचा. मला 'लहानी'.

त्याची बायको रुख्मा भुशाच्या खोलीत काम करायची. तोंडाला पदर बांधून ती डोंगराच्या पायथ्याशी भुसा ओढायची आणि टोपल्या भरून बाकीच्या बायकांच्या डोक्यावर द्यायची. आतून तिला बाहेरचं काही दिसत नसे. पण नळकांड्यातून माझा आवाज तिच्यापर्यंत पोचायचा. तेवढ्यावरून ती गिरणीची तब्येत ओळखायची. जेवायच्या सुटीत बाहेर आली की भुशाने पांढऱ्या झालेल्या भुवया झटकत नवऱ्याला सांगायची, "लहानी आज खुशीत आहे. गाना म्हनून राहिली."

"तुले बरं समजते व," तो म्हणायचा.

"मंग? दिवसभर तिच्याच संग राहतो ना मी."

मला ही बाई आवडायची. साऱ्या गिरणीत माझं ऐकणारी ती एकटीच होती.

अशी बरीच वर्षं गेली. मग तिकडे दुसरी लढाई लागली. पहिल्या दोन हंगामांत काही कळलं नाही. तिसऱ्या हंगामाला, दिवाळीनंतर गिरणी सुरू करायची वेळ आली, तरी तेलाचा डबा आला नव्हता. चैतराम शेठकडे गेला.

"डिब्बा नहीं आने वाला," शेठ म्हणाले. "सब माल लड़ाई में जा रहा है. कुछ भी डाल, पर पंखा चलना चाहिए."

"कुछ भी कसं डालू शेठ? लहानी बिगडून जाईल."

"तो सोच के डाल, भाई."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना चालू असलेली गोष्ट दिसायची आणि बंद पडलेली दिसायची. मधलं दिसत नसे. आणि माझं सारं दुखणं त्या मधल्यातलंच होतं.

चैतरामने विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला. आधी त्याला गाडीचं वंगण आठवलं. कण्यात ते महिनोन् महिने टिकतं, मग इथेही टिकेल, असं त्याला वाटलं. त्याने माझी बाजूची झाकणी काढून बोटाने वंगण आत दाबून दाबून भरलं. मी एकदम गप्प झाले. गोळ्यांचा आवाजच बाहेर येईना. सगळे खुश झाले. गप्प बसलेली बाई सुखात आहे असं समजायची तुमची जुनीच सवय आहे. आत मी त्या चिखलातून जीव खाऊन पळत होते, आणि पळेन तशी तापत होते. तिसऱ्या प्रहरी शेठनी सहज माझ्यावर हात टेकला आणि ओरडून झटकन मागे घेतला. तेव्हा पंखा थांबवला, मला रॉकेलने धुतलं.

मग जवसाचं तेल आलं. ते पातळ होतं आणि दोन दिवस माझं छान चाललं. पण पुढे जवळच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली, माणसं नाटक पाहायला गेली आणि गिरणी बंद राहिली. तेवढ्यात ते तेल माझ्या अंगावर वाळून त्याची चिवट पापडी धरली. गिरणी परत सुरू केली तर मी हलेना आणि पंखा फिरवणारा पट्टा जागच्या जागी घासून जळायला लागला. जवसाचं तेल वाळतं हे दाराच्या चौकटीला तेल देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चौकटीवरून माझी आठवण कुणाला झाली नाही, एवढंच. पुन्हा रॉकेल, पुन्हा धुणं.

एरंडेल औषधापुरतंसुद्धा मिळत नव्हतं. चैतराम डोक्याला हात लावून बसला होता तेव्हा रुख्मा म्हणाली, "मोहाचं तेल घालून पाहा ना."

"खायचं तेल मशिनीत?"

"काऊन? थंडीत गुडघे धरले का आपन तेच चोळतो. बुढ्या मानसाचे हात-पाय मोकळे होते त्यानं. मंग हिचा बी तं सांधाच होय. हिले काऊन नाही चालनार?"

चैतराम हसला. पण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि बोलणं पटण्यासारखं होतं. या भागात मोहाच्या बियांचं तेल घरोघरी असतं. भाजीत, दिव्यात, अंगाला, सगळीकडे तेच. दुसऱ्या दिवशी रुख्माने शिशी आणली. तेल जुन्या लुगड्याच्या फडक्यातून स्वतः गाळून आणलं होतं. माहेरच्या झाडाच्या बिया होत्या, हे तिने तीनतीनदा सांगितलं.

खरं सांगते, मला ते तेल फार आवडलं. कार्तिकातली ऊन दुपार होती, गिरणीत गरम होत होतं आणि ते तेल मऊपणे आत उतरत होतं. ना घुसमट, ना पापडी. इतक्या दिवसांनी मी मोकळी पळाले. शेठ आले, माझ्यावर हात ठेवून उभे राहिले, हात काढावा लागला नाही. "रुख्मा, तेरा तेल तो विलायती से अच्छा निकला!" ते सगळ्यांसमोर म्हणाले.

रुख्मा लाजली. पण त्या दिवसापासून ती जरा ताठ चालायला लागली, हे मी पाहिलं. भुसा ओढणाऱ्या बाईला गिरणीत नाव घेऊन कोण चांगलं म्हणतं? बायका तिला चिडवायच्या, "आता तं शेठानी झाली व तू!" ती टोपलं फेकायचा आव आणायची आणि हसायची. मलाही बरं वाटायचं. आपलं एक माणूस आहे असं वाटायचं.

मग पौष आला.

इथली थंडी तुम्हाला माहीत आहे. पंख्याचं तोंड उत्तरेच्या मोकळ्या खिडकीकडे होतं, कारण पंख्याला बाहेरची हवा ओढून घ्यावी लागते. सकाळी तो बाहेरचा बर्फासारखा गार वारा ओढायचा आणि तो वारा माझ्यावरच्या बारीक नळीला घासून जायचा. मोहाचं तेल थंडीत थिजतं. कुपीतलं थिजलेलं चैतरामला दिसायचं, म्हणून तो रोज कुपी बॉयलरच्या भिंतीला टेकवून ठेवायचा आणि पातळ झालेलं तेल वाटीत ओतायचा. वाटीत ते सोन्यासारखं चमकायचं. पण नळीत उतरलं की वाटेतच थिजायचं. नळीचं तोंड आतून बंद. वाटी भरलेली, आणि मी उपाशी.

उन्हं वर आली की थोडं वितळून एखादा थेंब माझ्यापर्यंत यायचा. म्हणजे रोज सकाळी मी कोरडी पळायची आणि दुपारी थोडं खायची. रोज सकाळी माझ्या गोळ्यांवर नवे ओरखडे उठायचे. माझा आवाज बदलला. मी ओरडत होते, दुसरं काय करणार? बाहेरच्यांना वाटलं पट्टा सरकतोय, म्हणून त्यांनी पट्ट्याला राळ चोळली. चैतराम दुसऱ्या तेलवाल्याला कौतुकाने सांगत होता, "मोहाचं तेल भारी टिकते गा. वाटी रिकामीच नाही होत."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माणसं रिकामी वाटी पाहून घाबरतात, पण रिकामीच न होणाऱ्या वाटीची भीती कुणाला वाटत नाही.

रुख्माला मात्र कळलं. एका दुपारी दारात भाकर सोडताना ती म्हणाली, "तुमची लहानी रडून राहिली."

"पट्टा ओरडत असन."

"पट्ट्याचा आवाज मले समजते. हा तिचाच होय." पुढचं बोलणं तिला जड जात होतं. "तेल तं नाही ना गोठलं? सकारी घरची शिशी पाहिली, लोन्यावानी झाली होती."

"म्या गरम करूनच घालतो ना. अन् वाटी भरून आहे. ये, पाहून घे तूच."

ती आली. टाचा उंचावून तिने वाटीत डोकावून पाहिलं. वाटी काठोकाठ होती. तिचा चेहरा उजळला. "भरली तं आहे," ती म्हणाली. तिचं तेल होतं ते, माहेरच्या झाडाचं. ते चांगलंच असावं असं तिला वाटत होतं, आणि वाटी तिला तेच सांगत होती. ती परत आत गेली. मी तिच्या पाठीवर ओरडत राहिले.

त्यानंतर आभाळ आलं. सूर्य दिसेना. दुपारीसुद्धा अंगात कांबळं लागायचं. नळी दिवसभर उघडलीच नाही. दुसऱ्या सकाळी पंखा सुरू झाला तेव्हा माझ्या अंगात तेल उरलं नव्हतं. आधी मी तापले. मग निळी पडले. गोळ्यांना जागेवर धरणारी पितळी जाळी फुटली आणि सगळ्या गोळ्या एका बाजूला दाटल्या. मी जागच्या जागी जाम झाले, पण दांडा थांबेना. तो माझ्या आतच घासत फिरत राहिला, आणि ठिणग्या उडायला लागल्या. पंख्याचा वारा चालूच होता. त्याने त्या ठिणग्या उचलल्या आणि नळकांड्यातून पलीकडे नेल्या. मी त्यांना जाताना पाहिलं.

मग पट्टा निसटला. सगळं थांबलं.

चैतराम धावत आला. त्याने उजव्या हाताने मला धरलं, आणि त्याची कातडी मला चिकटली. कुणी पाणी ओतलं, चर्रर्र आवाज झाला, वाफ उठली. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. "विझलं, विझलं!" असं म्हणून एकमेकांना धीर देत होते. नळकांड्याच्या पलीकडे काय पडलं ते पाहायला कुणी गेलं नाही. आणि धूर? अहो, भुशावर चालणाऱ्या गिरणीत भुशाच्या धुराचा वास कुणाला वेगळा येणार? तो तर रोजच नाकात असतो.

रुख्माही बाहेर आली होती. तिच्यासमोर चैतरामने डाव्या हाताने नळी सोडवली आणि तार घालून ढकलली. पांढरी घट्ट बत्ती बाहेर पडली, मेणबत्तीसारखी. रुख्माने ती पाहिली, मग नवऱ्याच्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. शेठ तिला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मला दांड्यावरून ठोकून काढलं आणि कुणीतरी या कोनाड्यात ठेवून दिलं. इथून उघड्या दारातून भुशाची खोली दिसते.

दुसऱ्या दिवशी पंख्याविना काम सुरू झालं. तांदूळ बायकांनी सुपांनी पाखडायचा आणि बॉयलरसाठी आधीचाच भुसा काढायचा. थंडी तर हाडात शिरत होती. खोलीत शिरताच नंदाबाई म्हणून एक वयस्क बाई भुशाला टेकून बसली. "आज भुसा कसा ऊन लागून राहिला व," ती म्हणाली, आणि पाठ आणखी आत रेटून डोळे मिटले. दुसऱ्या दोघीही तिच्याजवळ सरकल्या. मी कोनाड्यातून पाहत होते. मला ओरडता येत नव्हतं. फिरलं तरच माझा आवाज निघतो, आणि माझं फिरणं संपलं होतं.

भुसा भडकून पेटत नाही. तो आतल्या आत खात जातो. वर टरफलांचा थर तसाच पिवळा, शांत, आणि खाली विस्तवाची विहीर.

खालचा भुसा काढून झाला होता, आता वर चढून ओढायला हवा होता. एरवी त्या कामासाठी पाळी लावत. त्या दिवशी रुख्मा म्हणाली, "तुमी बसा. म्याच आनीन वरून."

"एकटीच कायले? थांब, येतो मी बी," नंदाबाई म्हणाली.

"नोको. माझ्या तेलानंच पंखा बंद पडला. आज तुमाले सुपं धरा लागली. बसा तुमी."

ती चढली. अर्ध्यावर तिने एकदा खाली वाकून पायाकडे पाहिलं. तिला काहीतरी कळत होतं, असं मला वाटतं. पण ती आणखी एक पाऊल वर गेली, आणि वरचा थर आत बसला. ती कमरेपर्यंत बुडाली. ज्वाळा नव्हती, आवाज नव्हता. थोडी राख उडाली, एवढंच. ओरडायला तिला श्वास पुरला नाही. ओरडली ती नंदाबाई.

चैतराम भाजलेल्या हाताने आत शिरला आणि त्याच हाताने तिला ओढून बाहेर काढलं.

तिला दारात, माझ्या अगदी खाली, बारदानावर निजवलं. पायांवर पाणी घातलं. तिच्या पायांचं मी वर्णन करणार नाही. नंदाबाई पळत जाऊन तेलाची शिशी घेऊन आली. मोहाचंच तेल, भाजल्यावर लावतात. ते थिजलं होतं, म्हणून ती रडत रडत दोन्ही तळव्यांत शिशी चोळत होती.

"ते नोको," रुख्मा म्हणाली.

"थंडक पडते व, लावू दे."

"नोको म्हटलं ना. आपल्या घरचं होय ते."

चैतरामने नंदाबाईच्या हातून शिशी घेतली आणि तो ती धरून नुसताच बसला. रुख्माने त्याच्याकडे तोंड वळवलं.

"वाटी तं भरलीच होती ना?"

"भरली होती."

"म्या पाहिली होती."

"हो. पाहिली होती तू."

एवढ्यावर तिचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही. तिला खाटेवर घालून घरी नेलं. आठवडाभराने बायका दबक्या आवाजात बोलत होत्या, त्यावरून ती गेल्याचं मला कळलं. मला बोलता आलं असतं तर मी तिला सांगितलं असतं की बाई, तेल वाईट नव्हतं. कार्तिकात ते अमृत होतं. त्याला थंडी सोसत नाही, आणि मला त्याच्यावाचून राहवत नाही, इतकंच. यात तुझं काय चुकलं?

विस्तव विझवायला पुढे कितीतरी दिवस लागले. चैतरामने त्यानंतर तेलाच्या कुपीला हात लावला नाही. शेठनी फार समजावलं, पण तो तेलवाला म्हणून परत आला नाही. तो या दारात येऊन उभा राहायला लागला. रोज सकाळी, बायका आत जायच्या आधी, तो एकटा आत जायचा आणि डावा हात खांद्यापर्यंत भुशात खुपसायचा. इथे, तिथे, डोंगराच्या चारी अंगांनी. उजव्या हाताला आता थंड-गरम कळत नाही. मग बाहेर येऊन म्हणायचा, "जा." तेवढा एक शब्द. बायका त्याच्याआधी उंबरा ओलांडत नसत. शेठही त्याला कधी घाई करत नसत.

लढाई संपली. पातळ तेलाचे डबे परत यायला लागले. पंख्याला नवी बेअरिंग आली, माझ्यासारखीच, माझ्यापेक्षा जास्त चकचकीत. गेल्या श्रावणात गिरणीवर स्वराज्याचा झेंडा लागला, शेठनी पेढे वाटले, चैतरामनेही एक खाल्ला.

पण नवा तेलवाला मनिराम आहे ना, त्याला रोज थोडं थोडं तेल घालायचा कंटाळा आहे. त्याने दसऱ्याला, यंत्रांची पूजा झाल्यावर, नवीच्या अंगात जाड वंगण ठासून भरलं. एकदा भरलं की हंगामभर पाहायला नको, असं तो म्हणाला. ती तेव्हापासून गप्प आहे. सगळे तिच्या गप्प राहण्याचं कौतुक करतात. तिच्या आणि माझ्या मधे ही एकच भिंत आहे, आणि गिरणी सुरू झाल्यापासून, गेले तीन दिवस, ती भिंत माझ्या पाठीला गरम लागतेय. काल नळकांड्यातून काहीतरी लाल भुशात येऊन पडलं. मी पाहिलं. बाकी कुणी नाही पाहिलं.

आणि आज चैतराम आला नाही. त्याला ताप भरलाय, असं नंदाबाई सांगत होती. बायका दारात उभ्या आहेत, थंडीने कुडकुडताहेत. बॉयलरवाला भुशासाठी दोनदा ओरडून गेला. सगळ्यांत पुढे एक नवीन लागलेली बाई आहे; तिला इथली रीत अजून नीट ठाऊक नाही. तिने वाटेकडे एकदा पाहिलं, चैतराम दिसतो का म्हणून. तो दिसला नाही. आता तिने टोपलं उचललंय.

अहो, तुम्ही कुणी ऐकत असाल तर तिला थांबवा. आत पाय टाकायच्या आधी कुणीतरी त्या भुशात हात घालून पाहा.